पसंतीक्रमातला मानपान

लग्नपत्रिकेत कुणाचं नाव कुठे छापायचं, या प्रश्नावर माझं घर चाललं. नाशकात रविवार कारंज्याजवळच्या गल्लीत माझा छापखाना. नव्वदच्या सुमारास सुरू केला तेव्हा भांडवल म्हणजे एक जुनं ट्रेडल मशीन, शिशाच्या खिळ्यांचे, म्हणजे सुट्या अक्षरांचे, चार खण आणि भरपूर उत्साह. पहिल्याच हंगामात एका पत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव मावशीच्या यजमानांच्या खाली गेलं. मुलीच्या बापानं कागदावर जसं लिहून दिलं तसंच मी जुळवलं होतं, पण ऐकतो कोण! मामा हरसूलला आपल्या घरी फुगून बसले. मुलीला मांडवात आणायला मामा लागतो, त्यामुळे अक्षता मुठीत धरून सगळं वऱ्हाड ताटकळत उभं. त्यांची समजूत घालून जीपमधून आणलं तोवर मुहूर्त टळून गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी मुलीचा बाप माझ्या दारात. त्यानंतर मी भिंतीवर पाटी लावली, ‘प्रूफ वाचून सही केल्याशिवाय छपाई होणार नाही.’ प्रूफाच्या तळाशी मीच लिहून ठेवायचो, ‘वाचून पाहिले, छापावे’, आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यायचो. सही नाही तर मशीनला हात नाही.

पुढे या विषयात मी इतका तयार झालो की लोक माझ्याकडे यादी छापायला कमी आणि लावून घ्यायला जास्त यायला लागले. सरपंच झालेला धाकटा चुलता थोरल्याच्या वर जातो की खाली, सोसायटीच्या चेअरमनना ‘प्रमुख उपस्थिती’त घालायचं की ‘विनीत’मध्ये, रुसलेल्या आत्याबाईंचं नाव कुठे टाकलं की त्या येतील, हे सगळं मी चहा पिता पिता सांगायचो. त्याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं खाली यायला बारा-तेरा वर्षं लागली आणि ते माझ्याच भाचीनं आणलं.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई सायखेड्याला दिलेली. दाजींची द्राक्षबाग आणि थोडा कांदा. दहावीनंतर मुलीला सायन्स घ्यायचं होतं, म्हणून अकरावीला ती आमच्याकडे राहायला आली. घरात मी आणि माझी बायको, दोघंच. मागची खोली रिकामीच होती, त्यामुळे कुणी कुणाला विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

पहिला आठवडाभर ती पाहुण्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसायची. दुसऱ्या आठवड्यात आमचा मिक्सर उघडून बसली. मिक्सर चालू होता हो! तरी उघडला. म्हणाली, आवाज बरोबर येत नव्हता. सगळं परत जोडल्यावर एक स्क्रू उरला. तो कशाचा होता हे आजतागायत कळलेलं नाही, पण मिक्सर मात्र नंतर दहा वर्षं चालला. एकदा दुपारी माझा डबा घेऊन छापखान्यात आली आणि डबा हातात तसाच धरून ट्रेडलसमोर उभी राहिली. मशीन धडधडत होतं. ती मान तिरकी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, “मामा, डाव्या बाजूचं बेअरिंग गेलंय.” मी म्हटलं, तू डबा ठेव आणि घरी जा. चार दिवसांनी डाव्या बाजूचं बेअरिंग तुटलं आणि तीन पत्रिका अडकून पडल्या. त्यानंतर मी तिला घरी जा म्हणालो नाही. सुट्टीच्या दिवशी ती तेलाची बुधली घेऊन माझ्याबरोबर छापखान्यात यायची, आणि मी गिऱ्हाइकांना सांगायचो, ही आमची फोरमन.

तिला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं होतं. ते तिनं जाहीर वगैरे केलं नव्हतं. आमच्याकडे मुली अशा गोष्टी जाहीर करत नसत. पण माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि बायकोला सांगितलं म्हणजे मला सांगितल्यासारखंच होतं. शक्यतो सरकारी कॉलेज हवं होतं, कारण तिथली वर्कशॉपं मोठी असतात असं तिनं ऐकलं होतं.

बारावीचा निकाल लागला. मार्क चांगले होते, पण डोळे दिपावेत असे नव्हते. मेरिट लिस्टमधला तिचा नंबर असा होता की पुण्या-मुंबईच्या सरकारी कॉलेजांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं आणि नव्या खासगी कॉलेजांनी पाट-रांगोळी मांडून बोलावलं असतं. त्या वर्षी प्रवेशासाठी पसंतीक्रमाचा एक फॉर्म भरायचा होता. माहितीपुस्तकात प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेला एक आकडा दिलेला. ते आकडे आपल्या पसंतीनं एकाखाली एक भरायचे, पेन्सिलीनं गोल काळे करायचे आणि केंद्रावर नेऊन द्यायचे. पुढचं काम कॉम्प्युटरचं.

दाजींनी एकदाच येऊन आपला फैसला सांगून टाकला. “हे बघ पोरी, फॉर्म एकदाच भरायचा. जिथं नंबर लागंल तिथं जायचं. मग हे नको आन ते नको, आसं चालायचं नाय. दुसऱ्या फेरीच्या भानगडीत आपन पडनार नाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पाव्हणं, तुम्ही याद्या लावनारे मानसं. तुम्हीच लावा.”

म्हणजे पोरीचं मेकॅनिकल त्या एका कागदावर येऊन टेकलं होतं, आणि तो कागद माझ्या हातात.

मी कामाला लागलो. सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, मुलीच्या जातीला कॉम्प्युटर बरं, एसीत बसायचं. माझा कागदवाला म्हणाला, आयटी बुडालं, त्याच्या नादी लागू नका. दोघांचंही मी ऐकून घेतलं आणि दोघांच्याही मताची कॉलेजं यादीत टाकली, कारण कुणाला नाराज करायचं नाही हा माझ्या धंद्याचा पहिला नियम.

मग मुख्य अडचण आली, ती सोयऱ्यांची. दाजींच्या मावसबहिणीचे सासरे नाशकातल्या एका शिक्षणसंस्थेचे संचालक होते. संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज नवं कोरं. त्याला नावं ठेवायला काही जागा नव्हती, फक्त तिथे मेकॅनिकल नव्हतं. कॉम्प्युटर होतं, आयटी होतं, इलेक्ट्रॉनिक्स होतं. आणि तिच्या नंबराला तिथे जागा मिळणार हे उघड होतं. आता हे गृहस्थ मोठे. दाजींच्या पुतणीच्या साखरपुड्याला ते जातीनं आले होते. त्यांचं कॉलेज यादीत कुठेतरी बाराव्या-तेराव्या जागी टाकायचं? आमच्याकडे अशी समजूत होती की फॉर्मच्या याद्या संस्थांकडे जातात आणि कुणी आपल्याला कितवं ठेवलं ते त्यांना कळतं. ते खरं होतं की खोटं, कुणी तपासलं नव्हतं. पण पत्रिका छापणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी तपासाव्या लागत नाहीत, त्या अंगातच भिनलेल्या असतात.

माझं गणित साधं होतं. पत्रिकेत पहिलं नाव कुणाचंही असो, जेवण सगळ्यांना सारखंच मिळतं. पहिल्या नावाला मान मिळतो, बाकी काही बदलत नाही. तसंच हा कॉम्प्युटर सगळी यादी वाचेल, पोरीला काय बरं आहे ते बघेल आणि त्यातलं उत्तम ते देईल. मग सोयऱ्यांना वर बसवायला आपल्या खिशातलं काय जातं? म्हणून मी पहिल्या जागी सोयऱ्यांच्या कॉलेजचं कॉम्प्युटर घातलं, दुसऱ्या जागी त्यांचंच आयटी, म्हणजे मानात कसूर नको. तिसरं बायकोच्या मामेभावाच्या ओळखीतलं, चौथं पोस्टमास्तरांचं, पाचवं कागदवाल्याचं. सरकारी कॉलेजांचं मेकॅनिकल सहाव्यापासून पुढे. सरकार काही रुसत नाही.

ही यादी मी छापखान्यात चांगल्या टायपात लावली. माझा हात आवरला नाही, वर ‘॥ श्री ॥’ घातलं आणि कडेनं बारीक वेलबुट्टी. खाली नेहमीप्रमाणे ‘वाचून पाहिले, छापावे’. रविवारी स्कूटर काढली आणि चांदोरीवरून पूल ओलांडून सायखेड्याला गेलो. दाजींनी पहिली ओळ वाचली. “सोयऱ्याचं नाव वर हाय ना? मग झालं,” म्हणाले आणि सही केली. ताईनं कागदाला हळद-कुंकू लावलं आणि तिनंही सही केली. मी जेवून, भरपूर कांदे घेऊन, खुशीत परत आलो.

सोमवारी भाची छापखान्यात आली तेव्हा मी कागद तिच्यासमोर ठेवला. “घे. तेवढी तुझी सही झाली की आज फॉर्मवर उतरवू.”

तिनं कागद उचलला. वरची वेलबुट्टी पाहून किंचित हसली. मग वाचत गेली आणि हसू गेलं. कागद तिनं नीट घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला.

“मी सही नाही करणार, मामा.”

“का? काही चुकलंय?”

“क्रम चुकलाय.”

आता मला शुद्धलेखनाची चूक दाखवली असती तर मी चष्मा पुसून पाहिली असती. पण क्रम! माझा पारा चढला. “तू पाटीवर अ-आ गिरवत होतीस तेव्हापासून मी याद्या लावतोय. आमदारांच्या घरच्या याद्या लावल्यात मी. तुझ्या आई-वडलांनी सह्या केल्यात यावर!” आणखीही बरंच काही बोललो. मशीनवरचा कामगार चहाच्या निमित्तानं बाहेर निघून गेला.

ती उभीच होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, “मामा, ही पंगत नाहीये. पंगतीत वाढपी सगळ्या पानांवर वाढतो. इथे तो वरून चालत येतो, ज्या पहिल्या पानावर जागा दिसेल तिथे वाढतो आणि भांडं घेऊन निघून जातो. खालच्या पानांकडे तो बघतसुद्धा नाही. तुम्ही जे पहिलं लिहिलंय, ते मला नक्की मिळणार आहे. मग खालची मेकॅनिकलची नावं कुणी वाचणारच नाही.”

“म्हणजे खालची सगळी यादी वाया?”

“सगळी.”

मी माहितीपुस्तक मागितलं. तिनं ते पिशवीतून काढून दिलं. पानोपानी तिच्या पेन्सिलीच्या खुणा. नियमाचं पान तिनं उघडून दिलं, मी चष्मा लावला आणि वाचलं. ती म्हणत होती तसंच होतं. जन्मभर गिऱ्हाइकांना ‘वाचून सही करा’ म्हणून ओरडणाऱ्या माणसानं ते पुस्तक एकदाही उघडलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उगाचच खिळ्यांचा खण बाहेर ओढून परत आत ढकलला.

“तू आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचारलंच नाही. कुणीच नाही विचारलं.”

मग तिनं स्वतःची यादी काढली. छापखान्यातून उरलेल्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर आमच्या घरातला सगळा कच्चा अभ्यास व्हायचा, तसल्याच गुलाबी कागदाच्या पाठीवर लिहिलेली. मागच्या वर्षी कुठल्या कॉलेजात शेवटचा नंबर कितवा लागला, ते तिनं एकेक करून उतरवलं होतं आणि नावांचे तीन ढीग केले होते. वरच्या ढिगाला नाव दिलं होतं ‘लागलं तर नशीब’, मधल्याला ‘लागू शकतं’ आणि खालच्याला ‘लागणारच’. वर पुण्या-मुंबईचं आणि सांगलीकडचं सरकारी. मधे पहिलं औरंगाबादचं सरकारी मेकॅनिकल, मग बाकीची चार-पाच. तळाला नाशिक-नगरची खासगी, आणि सगळ्यात शेवटी सोयऱ्यांचं कॉलेज. सोयऱ्यांचं तिनं गाळलं नव्हतं. कुठेच नाही लागलं तर घरी बसायला नको, म्हणून ते होतं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीनं एवढा शांत, एवढा तोलून विचार केलेला होता आणि मी वेलबुट्टी काढत बसलो होतो.

पण आता दाजींना सांगायचं कोणी? सह्या तर घेऊन बसलो होतो. मला माझ्या धंद्यातली युक्ती सुचली. “हे बघ,” मी म्हटलं, “एका लग्नाच्या दोन पत्रिका आम्ही नेहमी छापतो. मुलाकडची वेगळी, मुलीकडची वेगळी. दोघांच्या याद्या वेगळ्या, दोघंही खूश. तुझ्या वडलांकडे, अण्णांकडे, ही सही केलेली यादी देऊन ठेवू. फॉर्मवर तुझी भरू. नंबर लागला की सांगू, कॉम्प्युटरनं दिलं.”

मला वाटलं ती टाळी देईल. तिनं मान हलवली.

“नको मामा. मग अण्णांना जन्मभर वाटेल की मशीननं पाठवलं. मला मशीननं नको पाठवायला. अण्णांनी पाठवलं पाहिजे.”

मी उठलो. शटर अर्धं खाली ओढलं, कामगाराला छापखाना सांभाळायला सांगितला आणि तिला मागे बसवून पुन्हा सायखेड्याचा रस्ता धरला. दुसऱ्या दिवशी फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती. वाटेत ती एकदाच बोलली, “मामा, क्लचची केबल सैल झालीय.” मी म्हटलं, आज नको.

दाजी बागेत होते. आम्हाला पाहून हातपाय धुऊन ओट्यावर येऊन बसले. ताईनं पाणी आणलं. मी घसा साफ केला, पण पोरीनं मला बोलूच दिलं नाही. गुलाबी कागद बापासमोर पसरला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कॉम्प्युटर कसा वाचतो, पहिल्या नावाचं काय होतं, तीन ढीग कशाला केले. मधे कुठे थांबली नाही.

दाजींनी ऐकून घेतलं. मग वरच्या ढिगावर बोट ठेवलं.

“हे तुला लागनार नाय म्हनतेस. मग लिवायचं कशाला?”

“लागणार नाय बहुतेक,” ती म्हणाली. “पण न लिहिल्यामुळं नाय लागलं, असं नको व्हायला.”

दाजींनी कागदावरचं बोट उचललं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पाव्हणं, आमी सगळ्या रानात द्राक्षं लावतो का? बाग हाय, कांदा हाय, घरापुरती बाजरी हाय. गारपीट झाली तर बाग जाईल, कांद्याला भाव नसंल, पन बाजरी तर घरात येईल. पोरीनं तेच केलंय. तुमी आमचं सगळं रान बाजरीनं भरून टाकलं व्हतं.” हे ऐकून मी खाली बघत राहिलो. पोरगी मात्र आता मोकळं हसली.

“यातलं तुला कोन्तं पायजे?” दाजींनी विचारलं.

तिनं औरंगाबादच्या नावावर बोट ठेवलं. ते चौथं होतं.

“मेकॅनिकल म्हंजे मशीनी?”

“हो.”

“तिकडं राहनार कुठं?”

“मुलींचं होस्टेल आहे.”

ताई इतका वेळ दाराला टेकून उभी होती, ती मधेच म्हणाली, “आन सोयऱ्यांना काय सांगायचं? त्यांचं नाव पार तळाला टाकलंय तिनं.”

आता हा माझ्या अखत्यारीतला प्रश्न होता. पण उत्तर दाजींनी दिलं. “घरच्या कार्यात शेवटच्या पंगतीला कोन बसतं? यजमान. सगळ्यांचं झालं का मग तो जेवतो. सोयऱ्यांना सांग, तुमाला आमी यजमानाच्या जागी बसवलं. पोरगी उपाशी राहाया नको म्हनून तुमी शेवटी हायेत. त्याला वाईट वाटंल तर वाटू दे.” इतक्या वर्षांत इतकी चोख जागा मला कुणासाठी सापडली नव्हती. मी त्यांना तिथल्या तिथे हात जोडले.

ताईनं आतून पेन आणलं. दाजींनी ते घेतलं, गुलाबी कागदावर टेकवलं आणि थांबले. पेन पोरीकडे केलं. “तुझी सही नाय दिसत. तू आधी कर, मग मी करतो.”

तिनं सही केली. तिच्या नावाखाली दाजींनी केली, ताईनं केली, मला सांगितलं म्हणून मीही केली. माझी वेलबुट्टीवाली यादी दाजींनी घडी करून खिशात ठेवली. पुढे कधीतरी ती ताईनं डब्यात पापडाखाली घातलेली पाहिली.

प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी मी, बायको आणि भाची सायबर कॅफेत गेलो होतो. पान उघडायला इतका वेळ लागत होता की कॅफेवाल्यानं मधेच दोन गिऱ्हाइकांचे प्रिंट काढून दिले. औरंगाबाद, सरकारी, मेकॅनिकल. तिनं माझ्या बायकोला इतकी घट्ट मिठी मारली की हिचा चष्मा पडला. दाजींना फोन लावला. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि फोन ठेवला. दोन मिनिटांनी परत त्यांचाच फोन आला, पोरीला म्हणाले, “लय बरं झालं.”

मी पेढे आणले, गल्लीत वाटले, आणि संध्याकाळी घरी येऊन तोंड पाडून बसलो. मुलगी मागच्या खोलीत सामानाची यादी करत होती. मी बायकोला म्हटलं, “तसं सोयऱ्यांचं कॉलेज काही वाईट नव्हतं. मानपानाचं सोड, पण शिक्षण चांगलं होतं.”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मानपान बाहेरच्यांना सांगा. ते कॉलेज आपल्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर होतं.”

ते खरं होतं. ती यादी लावताना सोयरे, पंगत, पहिला मान, असं मी स्वतःलाही पटवून दिलं होतं. पण पहिल्या ओळीत ते नाव जुळवताना मनात आलं होतं ते एवढंच की आणखी चार वर्षं मागच्या खोलीत दिवा लागेल, आणखी चार वर्षं माझा डबा ही पोरगी आणेल. आपल्या सोयीसाठी मी तिचं मेकॅनिकल तळाला ढकललं होतं. माहितीपुस्तक वाचलं नाही, तेही कदाचित वाचायचं नव्हतं म्हणूनच. हे मला तेव्हा कळलं, आणि बायकोला बहुधा वेलबुट्टी पाहिली तेव्हाच कळलं असावं.

ऑगस्टमध्ये दाजी आणि मी तिला घेऊन औरंगाबादला गेलो. एक लोखंडी पेटी, एक गादीची वळकटी आणि ताईनं दिलेला लाडूंचा डबा. होस्टेलच्या ऑफिसात एक बाई टेबलामागे बसून एकेकीचा फॉर्म तपासत होत्या. आमची पाळी आली. पालक म्हणून दाजींची सही झाली. मग त्या बाईंचं बोट पुढच्या रकान्यावर थांबलं. ‘स्थानिक पालक’, म्हणजे मुलगी आजारी पडली, काही झालं, तर ज्याला पहिल्यांदा बोलवायचं, तो त्याच गावात राहणारा माणूस.

“हा पत्ता नाशिकचा आहे,” बाई म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. रकान्यात माझं नाव होतं. तिच्या बारीक अक्षरात छापखान्याचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर.

“हो,” भाची म्हणाली.

“स्थानिक म्हणजे इथलाच लागतो. हे कोण?”

“मामा. ते येतात. बोलावलं की येतात.”

“अगं, नाशकाहून यायला पाच तास लागतात.”

“पाच तासांत येतात,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात हट्ट नव्हता, ती फक्त माहिती देत होती.

दाजींनी खिशातून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. त्यांच्या ओळखीचा एक द्राक्षांचा व्यापारी तिथे राहायचा, त्याचा पत्ता. बाईंनी तांबड्या पेनानं माझ्या नावावर सरळ एक रेघ ओढली आणि शेजारच्या मोकळ्या जागेत व्यापाऱ्याचं नाव घातलं. नावावर रेघ ओढलेली पाहून मी आजवर किती माणसं रडताना, भांडताना पाहिली आहेत. मला त्या रेघेखालून माझं नाव स्वच्छ वाचता येत होतं, आणि मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. भाचीनं माझा हात धरला आणि सोडला, कारण मागे रांग होती.

दाजींनी पेटीची एक कडी उचलली आणि मला म्हणाले, “धरा पाव्हणं, दुसऱ्या बाजूनं धरा. चारची गाडी हाय आपली.”